शेंडेनक्षत्राच्या धुळीचा माग

वेल्ह्याहून केळदकडे निघालेला रस्ता पासली मागे टाकून मढे घाटाला भिडतो. घाटमाथ्याच्या टोकाशी उभे राहिले की पाठीशी तोरणा आणि पायाखाली एकदम कोकण. आकाश पाहणाऱ्याला हा मुलूख अर्धाच साथ देतो. वेल्हेच पुण्यापासून साठएक किलोमीटर, पासली त्याहूनही पुढे, त्यामुळे रात्र खरोखर काळी असते. पण अरबी समुद्रावरून येणारा ओलावा याच कड्यांवर अडतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तारे जवळजवळ दिसतच नाहीत, आणि उघाडीच्या महिन्यांतही हवेत बाष्प भरपूर राहते. डोळ्यांना ते बाष्प जाणवत नाही. धूमकेतूच्या धुळीतून निघणारी ऊब मोजू पाहणाऱ्या उपकरणाला मात्र तेच सर्वांत जास्त आडवे येते.

महाराष्ट्रातल्या धूमकेतू-निरीक्षणाचा इतिहास म्हणूनच दोन अंगांनी वाचावा लागतो. एक अंग माणसांचे. शेपटीकडे अपशकुन म्हणून पाहणारी नजर हळूहळू त्या शेपटीतला कण न् कण तपासू लागली. दुसरे अंग हवेचे. इथल्या निरीक्षकांना चिकाटीची आणि बुद्धीची वानवा कधी नव्हती. अडचण डोक्यावरच्या हवेची होती. ती ओलांडण्यासाठी ते पुण्यातल्या कॉलेजच्या आवारातून डोंगरावर, डोंगरावरून फुग्याबरोबर तीस किलोमीटर उंचीवर आणि शेवटी हिमालयापर्यंत गेले.

सुरुवात याच मुलखातल्या एका नोंदीपासून करता येते. राजगड आणि तोरणा ही वेल्ह्याची दोन मोठी शिखरे, आणि राजगड ही रायगडाआधीची राजधानी. शिवाजी महाराजांचे निधन रायगडावर ३ एप्रिल १६८० रोजी झाले. त्यानंतर सतराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीत राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिली. महाराज गेले त्या दिवसाच्या उत्पातांत त्याने भूकंप, उल्कापात आणि रात्रीची जोड इंद्रधनुष्ये सांगितली आहेत, आणि त्यांच्याबरोबर आकाशात धूमकेतू उगवल्याचेही लिहिले आहे.

१६८० साली एक प्रचंड धूमकेतू खरोखरच आला होता. पण तो जर्मनीतल्या गॉटफ्रीड किर्खला दुर्बिणीतून प्रथम दिसला १४ नोव्हेंबर १६८० रोजी, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर सात महिन्यांनी. १८ डिसेंबरला तो सूर्याच्या अगदी जवळून वळसा घालून गेला आणि त्यानंतरच्या दिवसांत त्याची लांबच लांब शेपटी जगभर लोकांनी पाहिली. सभासदाने हे लिहिले तेव्हा मधे दीड दशक उलटून गेले होते. त्याच वर्षातले एक प्रचंड दृश्य आठवणीत सरकत सरकत त्या वर्षीच्या सर्वांत मोठ्या दुःखाला जाऊन चिकटले असावे, असे मानायला जागा आहे. बखरकाराला खोटे ठरवण्यासाठी हे सांगायचे नाही. माणसांच्या मनात आकाशातली घटना आणि जमिनीवरची घटना कशा एकमेकींत मिसळतात, याचा इतका जवळचा पुरावा क्वचित मिळतो. त्याच धूमकेतूची कक्षा न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने मांडून दाखवली. एकच शेपटी, आणि तिचे दोन ठिकाणी झालेले दोन उपयोग.

आपल्याकडे धूमकेतूचा विचार फक्त भीतीपोटी झाला असे समजणेही चूक ठरेल. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त केतुचार नावाचा अध्यायच लिहिला. केतू कधी दिसेल आणि कधी मावळेल हे गणिताने सांगता येत नाही, असे तो सुरुवातीलाच स्वच्छ मान्य करतो. कुणी केतू एकशे एक मानतात, कुणी हजार मानतात, नारद मात्र एकच केतू नाना रूपांनी दिसतो असे म्हणतो, ही मतेही तो शेजारी शेजारी ठेवतो. नारदाच्या नावावरचे मत वाचताना आजच्या वाचकाला हॅलेची आठवण आल्यावाचून राहत नाही. एकच धूमकेतू पुन्हा पुन्हा येतो हे सिद्ध व्हायला पुढे बाराशे वर्षे लागली.

एकोणिसाव्या शतकात मराठी माणसाच्या हाती हा विषय त्याच्या भाषेत आला. केरो लक्ष्मण छत्रे यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ तयार केली. दापोलीजवळच्या मुरूड गावी १८५३ साली जन्मलेल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी शिक्षकी पेशा सांभाळत ‘ज्योतिर्विलास’ आणि ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ लिहिले. तारे ओळखण्याचे वेड मराठी घरांत शिरले त्यात ‘ज्योतिर्विलासा’चा वाटा फार मोठा आहे. पण ओळखणे आणि मोजणे यांत अंतर असते. मोजायला यंत्र लागते.

ते यंत्र पुण्यात आले एका पारशी प्राध्यापकाच्या हट्टामुळे. कावसजी दादाभाई नायगमवाला हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, शिकवत. १८८२ मध्ये भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींनी पाच हजार रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढीच भर घातली, आणि त्यातून महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. ग्रब कंपनीची वीस इंची परावर्तक दुर्बीण हे तिचे मुख्य साधन. त्या काळी भारतात याहून मोठी दुर्बीण नव्हती. नायगमवाला यांचा ओढा वर्णपटाकडे होता. एखादी वस्तू आकाशात कुठे आहे एवढ्यावर न थांबता ती कशाची बनली आहे, हे त्यांना जाणायचे होते. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा वर्णपट त्यांनी अभ्यासला. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी त्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला मुक्काम ठोकला. त्याच ग्रहणासाठी इंग्लंडचा खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर विजयदुर्गावर उतरला होता.

वेधशाळेचे आयुष्य मात्र एका माणसाच्या नोकरीएवढेच ठरले. नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि सगळी उपकरणे कोडईकनालला रवाना झाली. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९१० च्या मे महिन्यात, हॅलेचा धूमकेतू येऊन गेला होता. देशातली सर्वांत मोठी दुर्बीण हातची गेल्यावर पुण्याला तशी संशोधनाची दुर्बीण पुन्हा मिळायला नव्वदहून अधिक वर्षे जावी लागली. या इतिहासातली ही सर्वांत खेदाची जागा आहे. नायगमवालांनी घडवलेली परंपरा त्यांच्यामागे चालवायला कुणीच नेमले गेले नाही.

मधल्या काळात दिवा तेवत ठेवला तो हौशी लोकांनी. २२ ऑगस्ट १९४४ रोजी पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी खगोलप्रेमींची देशातली ही सर्वांत जुनी संस्था. स्वतः आरसे घासून दुर्बिणी करणारे, उल्का मोजत रात्र काढणारे, धूमकेतूची बातमी आली की शहराबाहेर धाव घेणारे लोक तिच्यातून तयार होत राहिले.

याच काळात जगात धूमकेतूचे शास्त्र मुळापासून बदलत होते. १९५० मध्ये फ्रेड व्हिपलने मांडले की धूमकेतूचा गाभा म्हणजे बर्फ आणि धूळ यांचा एकजीव झालेला गोळा. सूर्याजवळ येताना बर्फाची थेट वाफ होते आणि ती वाफ धुळीला बरोबर घेऊन बाहेर पडते. वायूची शेपटी निळसर आणि सरळ असते. धुळीची शेपटी पिवळसर आणि वळणदार असते, कारण सूर्यप्रकाशाचा दाब बारीक कणांना हळूहळू मागे ढकलत राहतो. आपल्याला डोळ्यांनी दिसतो तो या धुळीवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश. परावर्तित प्रकाश पाहून कण काळा आहे की गोरा, मोठा आहे की लहान, हे नीट सांगता येत नाही. मोठ्या काळ्या कणांचा ढग आणि थोड्या उजळ कणांचा ढग सारखेच चमकू शकतात.

अवरक्त किरण इथे उपयोगी पडतात. विल्यम हर्शेलने १८०० साली लोलकातून सूर्यप्रकाश पसरवून तांबड्या रंगाच्या पलीकडे तापमापक ठेवला आणि तिथे काही दिसत नसताना पारा चढलेला पाहिला. तेव्हापासून हे किरण माहीत आहेत. ऊब असलेली प्रत्येक वस्तू ते सोडते. पृथ्वीएवढ्या अंतरावर सूर्याने तापवलेला धूळकण सुमारे १० मायक्रॉन लांबीच्या लहरींत सर्वाधिक उत्सर्जन करतो. परावर्तित प्रकाश आणि ही स्वतःची ऊब, दोन्ही मोजली की कण किती प्रकाश शोषतो आणि किती परत फेकतो याचा हिशेब जुळतो. आणखी एक गोष्ट कळते. मायक्रॉनभर आकाराचा बारीक कण स्वतःच्या आकारापेक्षा लांब लहरी सोडायला कमी पडतो. सूर्याकडून घेतलेली उष्णता त्याला पटकन बाहेर टाकता येत नाही, म्हणून तो मोठ्या कणापेक्षा जास्त तापतो. म्हणजे तापमानावरून आकार कळतो.

पहिला धूमकेतू अशा रीतीने मोजला गेला तो १९६५ चा इकेया-सेकी. कॅलिफोर्नियात बेकलिन आणि वेस्टफाल यांनी ते काम केले. त्याच्या धुळीचे तापमान साध्या काळ्या वस्तूच्या गणितापेक्षा जास्त निघाले, म्हणजे कण बारीक होते. १९७० च्या बेनेट धूमकेतूत मिनेसोटाच्या एडवर्ड नेय आणि सहकाऱ्यांना १० मायक्रॉनजवळ वर्णपटाला आलेला उंचवटा सापडला. हा उंचवटा सिलिकेटची, म्हणजे दगडाच्या मुख्य घटकाची खूण. शेपटीत दगडाचा भुगा आहे हे पहिल्यांदा असे मोजून कळले. १९७३-७४ च्या कोहुटेक धूमकेतूत नेयला आणखी पुढचे दिसले. सूर्याच्या दिशेला रोखल्यासारखी दिसणारी जी उलटी शेपटी असते, तिच्यात हा उंचवटा नव्हताच. तिथले कण मोठे होते. प्रकाशाचा दाब त्यांना ढकलू शकला नव्हता, म्हणून ते धूमकेतूच्या वाटेवरच रेंगाळले होते. असेच रेंगाळलेले कण पृथ्वीच्या वाटेत आले की आपण त्यांना उल्कावर्षाव म्हणतो.

१९९७ च्या वसंतात महाराष्ट्रातल्या गावोगावच्या लोकांनी हेल-बॉप धूमकेतू नुसत्या डोळ्यांनी पाहिला. गुढीपाडव्याच्या सुमारास तो संध्याकाळी वायव्येला ठळक उभा असायचा. त्या वेळी वातावरणाच्या बाहेर युरोपचा अवरक्त उपग्रह आयएसओ फिरत होता. १९९६ मध्येच त्याने हेल-बॉपच्या धुळीचा वर्णपट घेतला होता, आणि त्यात स्फटिकरूप ऑलिव्हीनच्या खुणा इतक्या स्पष्ट होत्या की त्यातला मॅग्नेशियमने समृद्ध प्रकार, फॉर्स्टेराइट, नावानिशी ओळखता आला. ऑलिव्हीन हे खनिज सह्याद्रीला परके नाही. तोरणा, राजगड आणि पासलीच्या आजूबाजूचे सगळे डोंगर ज्या दख्खनच्या बेसॉल्टने बनले आहेत, त्यातल्या काही थरांत ऑलिव्हीन असते आणि पायरॉक्सीन तर सर्रास सापडते. धूमकेतूतले ऑलिव्हीन जास्त शुद्ध, मॅग्नेशियमचे. बेसॉल्टमधल्या ऑलिव्हीनमध्ये लोहाचा अंश जास्त. पण घराणे एकच.

या शोधाने शास्त्रज्ञांपुढे एक मोठे कोडे टाकले, आणि ते कोडे या सगळ्या कथेतले सर्वांत रंजक आहे. सिलिकेटचा स्फटिक व्हायला साधारण हजार केल्विनच्या आसपास तापमान लागते. धूमकेतू मात्र सूर्यमालेच्या अतिथंड कडेला, बर्फ टिकेल अशा जागी जन्मले. मग इतकी भाजलेली धूळ तिथे पोचली कशी? उत्तर मिळायला धूळ हातात यावी लागली. स्टारडस्ट यान जानेवारी २००४ मध्ये वाइल्ड-२ धूमकेतूजवळून गेले आणि १५ जानेवारी २००६ रोजी त्याची कुपी पृथ्वीवर उतरली. त्या कणांतही उच्च तापमानाला तयार झालेली खनिजे होती. सूर्यमाला घडत होती तेव्हा सूर्याजवळ भाजलेला माल दूर कडेपर्यंत वाहून गेला आणि बर्फात मिसळला, असाच त्याचा अर्थ निघतो. अवरक्त वर्णपटाने दुरून जे सांगितले होते ते हातातल्या कणांनी खरे ठरवले.

भारतात अवरक्त खगोलशास्त्राचे एक मोठे केंद्र मुंबईत वाढले. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या, म्हणजे टीआयएफआरमधल्या, गटाने १०० सेंटिमीटर आरशाची दुर्बीण घडवली आणि ती प्लास्टिकच्या अजस्र फुग्याला टांगून हैदराबादहून तीस किलोमीटरांहून अधिक उंचीवर पाठवली. इतक्या उंचीवर बाष्प जवळपास संपलेले असते, म्हणून शंभर मायक्रॉनहून काहीशा लांब लहरी, ज्या जमिनीवर पोचतच नाहीत, त्या तिथे पकडता येतात. संवेदक द्रवरूप हीलियमने गार ठेवायचा, रात्रभर जमिनीवरून आज्ञा देऊन दुर्बीण वळवायची, गुरूसारख्या ग्रहाकडे पाहून मोजमाप जुळवून घ्यायचे, आणि पहाटे पॅराशूटने उतरलेली यंत्रणा शेतातून शोधून आणायची, असा तो खटाटोप. या दुर्बिणीचे मुख्य काम धूमकेतूंचे नव्हते. ताऱ्यांच्या जन्मस्थानांतली थंड धूळ ती पाहत असे. पण धुळीच्या उबेवरून तिचा स्वभाव ओळखण्याची विद्या तीच, आणि ती हाताळणारी माणसे या उड्डाणांत तयार झाली. त्यांतले श्याम टंडन पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेत आले आणि तिथल्या उपकरणांची धुरा त्यांनी सांभाळली.

हेल-बॉपच्या आधी, १९८६ मध्ये, हॅले परत आला होता. भारतातून तो या वेळी फार तेजस्वी दिसला नाही, पण त्याच्याकडे याने मात्र पाठवली गेली होती. सोव्हिएत संघाच्या वेगा यानांवर अवरक्त वर्णपटमापक होता. १४ मार्चला युरोपचे जिओटो गाभ्यापासून अवघ्या ५९६ किलोमीटरांवरून गेले. गाभा कोळशाइतका काळा निघाला, त्यावर पडणाऱ्या प्रकाशातला चारेक टक्केच तो परत फेकत होता. धुळीत सिलिकेटच्या जोडीला कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांनी बनलेले कण सापडले. भारतातही काम झाले. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या देशपांडे, जोशी, सेन या मंडळींनी हॅलेच्या धुळीमुळे प्रकाशाचे किती ध्रुवीकरण होते ते मोजले. यातल्या अशोक सेन यांचे नाव पुढे पुणे जिल्ह्यात पुन्हा येते.

हॅलेच्या त्या फेरीतले एक अवरक्त निरीक्षण मराठी वाचकांच्या विशेष जवळचे आहे. ३१ मार्च १९८६ रोजी ऑस्ट्रेलियात दयाल विक्रमसिंघे आणि डेव्हिड ॲलन यांना धूमकेतूच्या वर्णपटात ३.४ मायक्रॉनजवळ ठळक खूण मिळाली. कार्बन आणि हायड्रोजन यांच्या बंधाची ही खूण. फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी ती वाळलेल्या जीवाणूंच्या वर्णपटाशी जुळते असे म्हटले आणि जीवसृष्टीचे बीज धूमकेतूंतून पृथ्वीवर आले असावे, ही आपली मांडणी पुढे रेटली. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी ते मानले नाही. साध्या निर्जीव सेंद्रिय रसायनांतूनही तशीच खूण उमटते, असे त्यांचे म्हणणे, आणि पुराव्याचे पारडे आजही त्यांच्याच बाजूला आहे.

हॉइल म्हणजे जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेल्या नारळीकरांनी मराठी माणसाच्या मनात धूमकेतूला एक वेगळीच जागा मिळवून दिली होती. ‘धूमकेतू’ नावाच्या त्यांच्या कथेत एका हौशी निरीक्षकाने शोधलेला धूमकेतू पृथ्वीवर आदळण्याची वेळ येते आणि विज्ञान व अंधश्रद्धा समोरासमोर उभी राहतात. गुरूची मांडणी त्यांना मोलाची वाटली, पण तिच्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा ती तपासून पाहावी असे त्यांना वाटले. म्हणून त्यांच्या पुढाकाराने इस्रोने वातावरणाच्या उंच थरांत जीवाणू शोधण्याचा एक प्रयोग केला. फुगा पुन्हा हैदराबादचाच.

पहिले उड्डाण २१ जानेवारी २००१ रोजी झाले, दुसरे एप्रिल २००५ मध्ये. दुसऱ्या वेळी निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्यांत २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा द्रवरूप निऑनच्या थंडीने ओढून घेतली गेली. नमुने दोन ठिकाणी वाटले, हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राला आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्थेला, म्हणजे एनसीसीएसला. पुण्यातल्या कामाची सूत्रे योगेश शौचे यांच्याकडे होती. एकूण बारा जीवाणू आणि सहा बुरशी वसाहती वाढल्या. त्यांतले तीन जीवाणू विज्ञानाला नवे होते. एकाचे नाव हॉइल यांच्यावरून जॅनिबॅक्टर हॉइली ठेवले गेले, दुसऱ्याला इस्रोचे आणि तिसऱ्याला आर्यभटाचे नाव मिळाले. २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर करताना इस्रोने स्वच्छ सांगितले की हे जीव पृथ्वीबाहेरून आले असे यावरून सिद्ध होत नाही. नारळीकरांनाही तेवढेच म्हणायचे होते. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

नायगमवालांची दुर्बीण गेल्यावर पुण्यात पडलेली पोकळी भरली ती नारळीकरांनीच उभ्या केलेल्या आयुकाने. १९८८ मध्ये संस्था स्थापन झाली आणि २००६ मध्ये पुणे-नाशिक रस्त्यापासून आत, आंबेगाव तालुक्यात घोडेगावजवळ, गिरवलीच्या डोंगरावर दोन मीटर आरशाची दुर्बीण सुरू झाली. पासली आणि गिरवली एकाच जिल्ह्यात, एकाच सह्याद्रीच्या आसऱ्याला, एक नैर्ऋत्य टोकाकडे तर दुसरी उत्तरेकडे. गिरवली घाटमाथ्यापासून बरीच आत असल्याने पाऊस तुलनेने कमी, तरी पावसाळ्यात काम बंदच ठेवावे लागते.

या दुर्बिणीने धूमकेतूच्या धुळीबाबत केलेले एक काम फारसे कुणाला माहीत नाही, आणि ते माहीत असायला हवे. २००८-०९ मध्ये ६७पी चुर्युमोव-गेरासिमेंको हा धूमकेतू सूर्याकडे येत होता. युरोपचे रोझेटा यान २००४ मध्येच त्याच्या दिशेने निघाले होते आणि पोचायला अजून पाच वर्षे होती. यानाला तिथे कशा प्रकारच्या धुळीला तोंड द्यावे लागेल, हे आधी जाणणे गरजेचे होते. फ्रान्समधल्या एडिथ आदामसिक आणि अनी-शांताल लव्हासर-रगूर, आसाम विद्यापीठाचे अशोक सेन, आयुकाचे रंजन गुप्ता यांनी मिळून फ्रान्समधल्या आणि गिरवलीच्या दुर्बिणींतून या धूमकेतूचे ध्रुवीकरण मोजले. धुळीवरून उडालेला प्रकाश ज्या प्रमाणात एका दिशेने कंप पावतो, त्यावरून कण घट्ट आहेत की कापसासारखे भुसभुशीत, याचा अंदाज येतो. सूर्याला वळसा घातल्यानंतर धुळीचा स्वभाव बदलल्याचे या मापनांत दिसले. ऑगस्ट २०१४ मध्ये रोझेटा तिथे पोचले आणि त्याच्या उपकरणांनी पकडलेल्या धुळीत बारीक कणांचे सैल पुंजके खरोखर सापडले. एका ऐतिहासिक मोहिमेच्या पूर्वतयारीचा एक भाग आंबेगावच्या डोंगरावरून झाला होता.

अवरक्त कॅमेराही गिरवलीवर आला. फेब्रुवारी-मार्च २०११ मध्ये टीआयएफआरने बनवलेला टिरकॅम-२ या दुर्बिणीला जोडला गेला. त्याचा इंडियम अँटिमोनाइडचा संवेदक ३५ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २३८ अंश सेल्सिअसपर्यंत, गार करावा लागतो. १ ते ५ मायक्रॉनच्या लहरी तो पाहतो. मृगातला ट्रॅपेझियम तारकागुच्छ त्याने चांगला टिपला. ३.६ मायक्रॉनच्या पट्ट्यात मात्र गिरवलीवरून काही तेजस्वी तारेच हाती लागले. कारण तेच, हवा. या लहरींत आपले वातावरण आणि दुर्बीण स्वतःच उजळून निघतात, आणि १० मायक्रॉनला तर भर दुपारी तारे शोधण्यासारखी गत होते. धूमकेतूच्या धुळीची खरी ओळख नेमकी याच लहरींत दडलेली.

म्हणून वाट पुन्हा वर गेली. टीआयएफआरने घडवलेले टिरस्पेक नावाचे उपकरण २०१३ मध्ये लडाखमधल्या हानले इथल्या दोन मीटरच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीवर बसवले गेले. तिथली उंची सुमारे साडेचार हजार मीटर, हवा विरळ आणि कोरडी. टिरकॅम-२ देखील गिरवलीहून पुढे नैनितालजवळच्या देवस्थळला, ३.६ मीटरच्या दुर्बिणीवर पोचला.

आकाशातली यंत्रणा त्याहून पुढे गेली. २७ मार्च २०२० रोजी ज्या उपग्रहाने नवा धूमकेतू शोधला, त्याचेच नाव त्या धूमकेतूला मिळाले, निओवाइज. हा उपग्रह ३.४ आणि ४.६ मायक्रॉनच्या लहरींत आकाश न्याहाळत असे, म्हणजे धूमकेतू सापडला तोच त्याच्या उबेमुळे. जुलैच्या मध्यानंतर तो संध्याकाळी वायव्येला दिसू लागला. युरोप-अमेरिकेत लोकांनी त्याची अप्रतिम छायाचित्रे काढली. महाराष्ट्रात मात्र आषाढाचे ढग दाटलेले, आणि वर टाळेबंदी. घाटमाथ्याच्या लोकांना तर तो पाहायला मिळण्याची आशा फारच थोडी होती. २०२२ मध्ये झेडटीएफ या सर्वेक्षणाने आणखी एक धूमकेतू शोधला. त्या सर्वेक्षणाची उभारणी करणारे श्रीनिवास कुलकर्णी हे मूळचे कुरुंदवाडचे. फेब्रुवारी २०२३ च्या कोरड्या, स्वच्छ रात्रींत तो हिरवट ठिपका इथल्या अनेकांना दुर्बिणीतून पाहता आला.

ऑक्टोबर २०२४ मधला त्सुचिनशान-ॲटलस जास्त उदार निघाला. १२ ऑक्टोबरला, नेमक्या दसऱ्याच्या दिवशी, तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता, आणि पुढचे काही दिवस सूर्यास्तानंतर पश्चिमेला क्षितिजाजवळ शेपटीसह उभा राहिला. परतीच्या पावसाने जिथे फट दिली तिथे तो साध्या डोळ्यांनी दिसला. मढे घाटासारख्या, कोकणाकडे उघडणाऱ्या कड्यांवर पश्चिमेचे क्षितिज फार खाली जाते, त्यामुळे असा सांजवेळचा धूमकेतू पाहायला पासली-केळदचा हा पट्टा उत्तम आहे. त्या दिवसांत या धूमकेतूची उलटी शेपटीही जगभरच्या छायाचित्रांत आली. नेयने कोहुटेकमध्ये मोजलेले मोठे, रेंगाळलेले कण ते हेच. हौशी माणसाच्या साध्या कॅमेऱ्यालाही आता शेपटीचा वळसा टिपता येतो, आणि त्या वळशावरून कण केव्हा आणि किती वेगाने सुटले याचे गणित मांडता येते.

हॅलेचा धूमकेतू पुन्हा सूर्याजवळ येईल २८ जुलै २०६१ रोजी. पुण्याच्या पश्चिमेला तेव्हा ऐन पावसाळा असेल. त्या फेरीत मराठी मुलखातून ज्या कुणाला हॅलेच्या धुळीचे तापमान मोजायचे असेल, त्यांना हानलेच्या वाळवंटात, फुग्याखाली किंवा उपग्रहावर जागा मिळवावी लागेल. त्या वेळी कामाला लागणाऱ्या संशोधकांपैकी बरेचजण आज अजून शाळेतही गेलेले नाहीत.